काकाजींचे थ्री-वे बॉक्स: दुरुस्तीच्या नोंदी (नागपूर, फेब्रुवारी ते जून २०२४)

११ फेब्रुवारी २०२४

दोन स्पीकर बॉक्स, थ्री-वे, चहूकडून बंद. उंची २२ इंच, रुंदी १२, खोली १०. जाड सुरांना आठ इंची वूफर, मधल्या सुरांना चार इंची कागदी मिडरेंज, वर बारीक सुरांना कोनचा (कागदी शंकूचा) ट्वीटर. मागच्या फळीवर सुताराने पेन्सिलीने १९८४ लिहून ठेवलंय. काकाजींच्या महाल भागातल्या घराला रंग देणं सुरू आहे, म्हणून माळा रिकामा झाला अन् हे धूड माझ्याकडे आलं. काकाजींची अट एकच: "पहिल्यासारखा आवाज आला पाहिजे."

त्या काळी कंपनीचा सेट म्हटला की सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्स. नोकरदार माणसाच्या पगारात ते बसायचं नाही. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे स्पीकर आणायचे, खोका इथल्याच सुताराकडून करून घ्यायचा अन् क्रॉसओव्हर (कोणते सूर कोणत्या स्पीकरला जायचे ते वाटून देणारी जोडणी) कोणीतरी जाणकार जोडून द्यायचा. हे बॉक्स त्याच जातीचे. त्यामुळे नकाशा नाही, मॉडेल नंबर नाही, शोधायला काही नाही.

आजची तपासणी. दोन्ही वूफरच्या कडेचा फोम संपलाय. बोट लावलं की काळ्या गुळासारखा चिकटतो, अन् जिथे सुकलाय तिथे भुगा होऊन पडतो. बाकी कोन शाबूत. मीटरवर वूफर ५.८ आणि ६.१ ओहम, म्हणजे कॉइल जिवंत आहेत (आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहाच्या आसपासच दिसतो, घाबरू नका). मिडरेंज दोन्ही ठीक. उजवा ट्वीटर ओपन, म्हणजे आत कुठेतरी तार तुटलेली. डाव्या बॉक्सच्या तळाला उधई (वाळवी) लागून गेलेली, जुनी, आता जिवंत नाही.

आत रजईचा कापूस भरलेला होता. विदर्भात दुसरं काय भरणार! चाळीस वर्षांत तो सगळा खाली बसून तळाशी लादी झालाय.

१८ फेब्रुवारी

आधी अ‍ॅम्प्लिफायर, कारण तो बिघडलेला असेल तर दुरुस्त केलेले वूफर जाळून टाकेल. हाही असेंबल्ड, आउटपुटला २एन३०५५ ट्रान्झिस्टरच्या जोड्या. वीस-पंचवीस वर्षं बंद पडलेलं यंत्र थेट प्लगमध्ये खुपसायचं नाही. सिरीज बल्ब लावायचा, म्हणजे वीज एका बल्बमधून यंत्रात न्यायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब भडकून पेटतो, यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल तर क्षणभर पेटून मंद होतो.

अडचण अशी की या कामाला फिलामेंटचा पिवळा बल्ब लागतो, एलईडी चालत नाही. शंभर वॅटचा पिवळा बल्ब मागितला की बर्डीवरचे (सीताबर्डी बाजारातले) दुकानदार आपल्याकडे असे पाहतात की जणू आपण कंदिलाची काच मागितली. शेवटी सदरमध्ये एका हार्डवेअरवाल्याकडे धूळ खात पडलेला मिळाला, २५ रुपये. दोन घ्या, एक पडून फुटतोच.

अ‍ॅम्प चालू झाला, पण हम (सततची घूं घूं) होता. फिल्टरचे दोन मोठे कंडेन्सर बदलले, हम गेला. स्पीकरच्या तारांवर डीसी (स्पीकर जाळू शकणारा एकाच दिशेचा विद्युतदाब) मोजला: दोन्हीकडे पन्नास मिलीव्होल्टच्या आत. पुरे.

३ मार्च

फोम कुठे मिळतो ते शोधत एका री-कोन करणाऱ्याकडे (जुन्या स्पीकरला नवा कोन बसवून देणाऱ्याकडे) गेलो. माणूस हुशार, हात चांगला, पण सगळं काम डीजेवाल्यांचं. पंधरा-अठरा इंची स्पीकरांचा ढीग लागलेला. माझा वूफर उलटापालटा करून म्हणाला,

"फोम काऊन लावता भाऊ? कपड्याची रिंग टाकून देतो. दहा वर्षं हलणार नाही."

हलणार नाही हीच तर अडचण. डीजेचा स्पीकर मोठ्या पॉवरवर थोडा हलतो, त्याला कडक कड चालते. बंद बॉक्समधला जुना वूफर उलट आहे. तो मऊ कडेवर सैल लोंबतो, त्याला मागे खेचायचं बरंचसं काम खोक्यातली हवा करते. कड कडक केली की खालचा बेस जातो अन् खोका ढोलकीसारखा वाजायला लागतो. त्याला हे पटलं. "मग ऑनलाइन मागवा, मी चिकटवून देईन," म्हणाला. चिकटवायचं मीच ठरवलं. पहिल्यांदा करणाऱ्याने मात्र पैसे देऊन त्याच्याकडूनच चिकटवून घ्यावं असं माझं आता मत झालंय.

१७ मार्च

आलेला फोम बसला नाही. "आठ इंच" हे माप फसवं आहे. फ्रेम आठ इंची असते, पण कोनचा व्यास कंपनीगणिक वेगळा. मागवण्याआधी ही मापं घ्या: कोनचा बाहेरचा व्यास, फ्रेमवर जिथे फोम चिकटतो त्या गोलाचा आतला अन् बाहेरचा व्यास, अन् फोम कोनला वरून चिकटवलाय की मागून. माझ्याकडे कोनला फोम मागून चिकटवलेला होता. ४८० रुपये पाण्यात, दुकानदार परत घेत नाही. नवी जोडी मिलिमीटरमध्ये मापं कळवून मागवली, ५५० रुपये.

मधल्या काळात ट्वीटर पाहिला. कॉइल ठीक होती, टर्मिनलपासून कोनकडे जाणारी वेणीदार बारीक तार तुटली होती. स्पीकरच्या तारेचा तुकडा बर्डीवर पाच रुपयांत मिळाला, डाग दिला (सोल्डर केलं), वाजला.

काकाजी गेली कित्येक वर्षं म्हणत होते की दोन्ही ट्वीटर मेले. डावा तर ठणठणीत होता. मोबाइलवरून हळूहळू चढत जाणारा सूर लावला. काकाजींनी आठ हजार हर्ट्झच्या आधीच "बंद झाला" म्हणून हात वर केला. माझा हात बारा हजारांवर वर गेला. सातवीतला भाचा सोळा हजारांपर्यंत कानावर हात ठेवून ओरडत होता. काकाजींना निकाल सांगितला तर म्हणाले, "तुझा मोबाइल खराब आहे."

३१ मार्च

क्रॉसओव्हर. एका हार्डबोर्डवर खिळे ठोकून केलेली जोडणी: ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरड, मिडरेंजला २२ मायक्रोफॅरड, वूफरला गुंडाळलेली कॉइल. दोन्ही कंडेन्सर बायपोलर इलेक्ट्रोलिटिक (धन-ऋण बाजू नसलेले, स्वस्तातले). आठ ओहमला ४.७ म्हणजे साधारण ४,२०० हर्ट्झच्या वर ट्वीटर सुरू होतो, हिशेब बरोबर आहे. कंडेन्सरची मापं बदलली नाहीत.

साध्या मीटरवर जुना ४.७ चा कंडेन्सर ६.९ दाखवत होता. वय झालेला कंडेन्सर कमी भरेल असं वाटतं, पण आतून गळणारा कंडेन्सर साध्या मीटरला फसवून जास्त दाखवतो. आकडा मोठा म्हणून ठेवून देऊ नका.

उजव्या बॉक्समध्ये पॉलिप्रॉपिलीनचे (प्लास्टिक फिल्मचे) कंडेन्सर लावले (४.७ चा १४० रुपये, २२ चा ४६०, अन् आकाराने एवढा मोठा की नवी पाटी करावी लागली). डाव्यात नवे बायपोलर इलेक्ट्रोलिटिक, दोन्ही मिळून ४० रुपये. मुद्दाम वेगवेगळे लावलेत. ऐकून ठरवू.

७ एप्रिल

डावा वूफर चिकटवला अन् बिघडला.

क्रम असा. जुना फोम नखाने अन् आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने काढायचा. कोनच्या कडेला बोळा ओला नको, ओलसर हवा, नाहीतर कागद सोलतो. याला प्रत्येक वूफरमागे अर्धी दुपार जाते. मग मधली टोपी ब्लेडने गोल कापून काढायची, अन् कॉइल व लोखंडाच्या मधल्या फटीत फिल्मच्या बारीक पट्ट्या सरकवायच्या, म्हणजे कोन बरोबर मध्ये राहतो. पट्ट्यांसाठी काकूंच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे वापरला. जाडी अगदी नेमकी. आधी फोम कोनला, तो वाळला की मग फ्रेमला.

बिघाड शेवटच्या पायरीत झाला. दुपारी तीनला बसलो. रबरी सोल्यूशन वापरलं, ते फ्रेमवर फिरवून गोल पूर्ण होईस्तोवर सुरुवातीचा भाग सुकला होता. फोम टेकवला की चिकटला, सरकवता येईना, एका बाजूला सुरकुती पडली. पट्ट्या काढल्यावर कोन दाबला तर खर्रर्र.

सगळं पुन्हा सोलून काढलं. सुदैवाने फोम फाटला नाही.

१९ एप्रिल

आज मतदानाची सुटी. पहाटे साडेपाचला बसलो, पंखा बंद, खिडकी बंद. या वेळी पांढरा डिंक, सुताराचा. तो पाण्याचा असल्यामुळे हलवायला दहा मिनिटं मिळतात, दुपारच्या उकाड्यात तीनही मिळत नाहीत. नागपुरात मार्चनंतर चिकटवायचं काम सूर्य वर यायच्या आत उरकायचं, एवढं लिहून ठेवा. दोन्ही वूफर एकामागोमाग केले, कडेवर कपड्यांचे चिमटे लावले, अन् मत देऊन आलो.

प्रचाराच्या भोंग्यांचा आवाज परवापासून बंद आहे. महिनाभर गल्लीत काही ऐकून पाहणं शक्यच नव्हतं.

२१ एप्रिल

पट्ट्या काढल्या. डावा वूफर छान. उजवा आडवा ठेवला तर छान, बॉक्समध्ये उभा बसवला की घासतो. चाळीस वर्षं एकाच अंगाने उभा असल्याने आतली पिवळी जाळी, जिला स्पायडर म्हणतात, ती कोनच्या वजनाने खाली ओघळली असावी. वूफर १८० अंशांत फिरवून बसवला. घासणं बंद. हा उपाय फुकट आहे, म्हणून सगळ्यात आधी करून पाहावा.

मग खरा वेळ गेला तो पुढे. फिरवल्यावरही तबल्याच्या डग्ग्यावर उजवीकडून झिर्रर्र यायचं. पुन्हा वूफर काढला. पुन्हा बसवला. टोपी अजून चिकटवली नव्हती, म्हणून पट्ट्या घालून तपासलं, मध्ये बरोबर होता. स्क्रू आवळले, सैल केले, बुडाखाली कापराची डबी ठेवून पाहिली, म्हणजे अक्कल संपली होती. संध्याकाळी बायको चहा घेऊन आली अन् ट्रे ठेवायला शोकेसला टेकली. आवाज बंद.

शोकेसची सरकती काच. साठ-बासष्ट हर्ट्झच्या आसपास ती खाचेत थरथरते. स्पीकर कुठेच घासत नव्हता, काच वाजत होती. खाचेत बनियनच्या कापडाची पट्टी कोंबली. आता नियम केलाय: घासल्याचा आवाज आला की आधी स्पीकर उचलून दुसऱ्या खोलीत न्यायचा. आवाज मागे राहिला तर दोष खोलीचा.

५ मे

लकडगंजातून १९ एमएमचा प्लायचा तुकडा आणून डाव्या बॉक्सचा तळ बदलला. ४२० रुपये कापून देण्यासकट. कापूस फेकला, उशीत भरतात तो रेक्रॉन भरला, सैल, वूफरच्या पाठीला लागणार नाही असा. सगळ्या सांध्यांना आतून डिंक, वूफरच्या फ्रेमखाली हवा अडवणारी नवी पट्टी. तपासायची रीत सोपी: वूफर बोटांनी हळूच आत दाबून सोडायचा. हळू परतला तर बॉक्स बंद आहे, झटकन परतला तर कुठेतरी हवा जाते.

आज सर्वात मोठा शोध लागला, अन् त्याला पाऊण मिनिट लागलं. पेन्सिल सेलची धन बाजू लाल टर्मिनलला, ऋण काळ्याला. डाव्या बॉक्सचा वूफर बाहेर आला. उजव्याचा आत गेला. उजव्यात आतल्या तारा उलट्या जोडलेल्या. माझ्या हातून नाही, डाग जुना आहे, अन् वायरवर वेगळ्या रंगाची टेप आहे. म्हणजे मागे केव्हातरी कोणीतरी दुरुस्त करून दिला तेव्हापासून एक वूफर ढकलत होता अन् दुसरा ओढत होता. दोघांचा बेस एकमेकांना खात होता.

काकाजी म्हणाले, "नव्वद-एक्क्याण्णवला दुरुस्त करून आणले होते. त्यानंतर मजा गेली. मला वाटलं कॅसेटीच खराब येऊन राहिल्या."

१२ मे

जागा. पाचशे रुपयांच्या कंडेन्सरपेक्षा इथे जास्त फरक पडतो, हे मी आता कोणाशीही भांडून सांगेन.

आमची बैठकीची खोली १४ बाय ११, उंची १०, खाली मोझेक, भिंती सपाट. टाळी वाजवली की टणत्कार येतो. परीक्षेला तानपुरा लावला, पुरुषाचा, काळी एक (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर). षड्ज १३८ च्या आसपास, खर्जाची तार ६९ हर्ट्झ. गाण्यापेक्षा तानपुरा बरा. तो बदलत नाही, त्यामुळे बॉक्स सरकवला की काय बदललं ते लगेच कळतं.

सगळे सांगतात की स्पीकर भिंतीपासून लांब ओढा. ओढले, चार फूट. जवारी (तारांचा झणकार) सुंदर उघडली, पण खर्जाची तार वाजते एवढंच कळायचं, तिचं पोट, म्हणजे भरीवपणा, गेला. कारण साधं आहे. सत्तर हर्ट्झची लाट साधारण सोळा फुटांची. मागच्या भिंतीवर जाऊन यायला आठ फूट, म्हणजे बरोबर अर्धी लाट, परत येते ती उलटी होऊन. खर्जच कापला जातो. दीड फुटावर आणले, पोट परत आलं. ज्याची खोली वेगळी, ज्याचा सूर वेगळा, त्याने माझं माप घेऊ नये. एकेक बिलांग (वीत) सरकवावं.

टणत्काराला समोरच्या भिंतीला गादी उभी करून पाहिली. उत्तम काम करते. घरातलं मत प्रतिकूल. सतरंजीवर तडजोड झाली.

मग काकाजींच्या आग्रहाखातर बॉक्स पूर्वी जिथे होते तसे, कपाटावर, छताला लागून कोपऱ्यात चढवले. काकाजी खूश. "हं! हे आहे." मला तो आवाज घुमा अन् जाडा वाटतो. पण तीन पृष्ठभागांच्या कोपऱ्यात बेस फुगतो, अन् त्यांच्या आठवणीतला १९८४ चा बेस तिथूनच येत होता. तारा सरळ होत्या तेव्हाचा. वसंतराव देशपांडे सभागृहात इतकी वर्षं मैफिली ऐकलेला माणूस आहे, त्याला सांगणार कोण की असा डग्गा प्रत्यक्षात वाजत नाही? मी नाही सांगितलं. त्यांच्या घरी बॉक्स कपाटावरच जातील.

३१ मे

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस. काल शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश दिसले, दिवसभर मोबाइलवर तेच. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. मला माझा ६.९ वाला कंडेन्सर आठवला.

सेन्सर खोटा असला तरी ऊन खरं आहे. डेझर्ट कूलर चालू असताना हाय-फाय वगैरे गोष्टींना अर्थ उरत नाही. मोटरची घरघर अन् ताटीवरून पडणाऱ्या पाण्याचा सळसळाट यात तानपुरा बुडतो, आपण आवाज वाढवतो, मग अ‍ॅम्प तापतो. कूलर बंद केला की वीस मिनिटांत माणूस तापतो. सध्या पहाटेच ऐकतो.

कूलरची दुसरी तक्रार जास्त गंभीर. बॉक्स त्याच्या झोतात नकोत. पॉलियुरेथेनचा फोम ओल अन् उष्णता एकत्र मिळाली की लवकर कुजतो, आणि आपण दर उन्हाळ्यात त्याला नेमकं तेच देतो. रबरी कड मिळाली असती तर तीच घेतली असती. या मापात मिळाली नाही.

९ जून

कंडेन्सरचा निकाल. दोन्ही बॉक्स शेजारी शेजारी, समोर साडीचा पडदा, एकच मोनो सिग्नल, भाचा पडद्यामागून तार बदलणार. ऐकायला मी, बायको, काकाजी आणि वरच्या मजल्यावरचे जोशीकाका, ज्यांच्याकडे कधीकाळी टर्नटेबल होता अन् जे ते कधी विसरू देत नाहीत.

आधी उजवा बॉक्स सगळ्यांनी ओळखला: टोकदार, 'स' जास्त फुसफुसतो. जोशीकाका लगेच, "पॉलिप्रॉपिलीन आहे ना, तपशील उघडला." तपशील नव्हता, ट्वीटर थोडा मोठा वाजत होता. इलेक्ट्रोलिटिकचा स्वतःचा थोडा रोध असतो, जुळवणाऱ्याने तो धरूनच बाकीचं बसवलेलं असतं. पॉलिप्रॉपिलीनमध्ये तो जवळजवळ नाही. उजव्या ट्वीटरच्या वाटेत एक ओहमचा पाच वॅटचा सिमेंट रेझिस्टर घातला, आठ रुपये. त्यानंतर कोणालाही सातत्याने फरक सांगता आला नाही. जोशीकाका दोनदा एकाच बॉक्सला दोन नावं देऊन गेले अन् मग त्यांना फोन आला.

मी पॉलिप्रॉपिलीन काढले नाहीत, ते वाळत नाहीत म्हणून. आवाजासाठी मात्र चाळीस रुपयांचे पुरतात. डाव्यात तेच राहतील, दोन्हींची पातळी उजव्यातल्या रेझिस्टरने जुळलीच आहे.

१६ जून

खर्च: फोम (वाया गेलेला धरून) १,०३०, कंडेन्सर ६४० आणि अ‍ॅम्पचे ३६०, प्लाय ४२०, रेक्रॉन, डिंक, अल्कोहोल, बल्ब, तार, रेझिस्टर, किरकोळ मिळून साडेपाचशेच्या आसपास. तीन हजार झाले. यातला आवाजावर दिसेल असा परिणाम फोमने केला, तारा सरळ करण्याने केला अन् जागेने केला. शेवटच्या दोन गोष्टी फुकट.

उरलेलं काम बॉक्सच्या तोंडावरच्या कापडी जाळीचं. जुनं कापड उंदरांनी खाल्लं. इतवारीत कापड घेताना ओठांसमोर धरून फुंकर मारून पाहा. फुंकर अडली तर ट्वीटरही अडेल. बारीक विणीचं एक सुंदर मरून कापड याच परीक्षेत नापास झालं. दुकानदार विचारत होता, सोफ्याला घेता का पडद्याला, अन् तोंडाला काऊन लावून राहिले. साधं काळं जाळीदार घेतलं, १८० रुपये मीटर, दीड मीटर पुरतं. चौकटीला स्टेपलरच्या पिना मारताना कापड चारही बाजूंनी मध्यापासून कोपऱ्याकडे ओढत जा, नाहीतर तिरकं बसतं. एका बॉक्सचं झालंय.